वाऱ्याचा आडोसा

१

सायकलचा वेग ताशी अठ्ठावीसच्या वर गेला की कानात वारा सुरू होतो. पस्तीसला कुणीतरी कानाशी ताडपत्री झटकत बसल्यासारखं वाटतं. चाळीसला काहीच ऐकू येत नाही. मागचा ट्रक नाही, स्वतःचा श्वास नाही, लोकांच्या शिव्याही नाहीत. मान जरा तिरकी केली की एक कान गप्प होतो. पण मान तिरकी ठेवून छत्तीस किलोमीटर कोण जाणार?

मी सगळं करून पाहिलं. कापूस घातला, तर वारा तेवढाच राहिला आणि बाकीचं बंद झालं. कानपट्टी बांधली, तर घाम डोळ्यांत. आईनं दोन्ही कानांत लसणीचं तेल सोडलं, पुढचे तीन दिवस मी फोडणीसारखा वास मारत फिरलो. आबांना सांगितलं तर म्हणाले, "तुझ्या कानात वारं शिरलंय ते कॉलेज सोडलंस तवाच."

आबा म्हणजे आमचे वडील, हंबीरराव. सैन्यातून हवालदार म्हणून परत आले त्याला बारा वर्षं झाली, पण घरात अजून पाचला हजेरी असते. इंजिनिअरिंग मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. का, ते विचारू नका. आबा रोज विचारतात तेवढं पुरे.

साडेपाचला मी आणि माझी धाकटी बहीण संयोगिता उंब्रजमधून निघतो, हायवेच्या कडेच्या रस्त्यानं मलकापूरपर्यंत जातो, चहा पितो, परत येतो. पुढं मी, मागं ती. माझ्या मागच्या चाकापासून तिचं पुढचं चाक वीतभर लांब. पुढचा वारा फोडतो, मागच्याला आडोसा मिळतो, आणि एकटीला झेपला नसता असा वेग तिच्या अंगवळणी पडतो. याला चाक धरणं म्हणतात.

हे सगळं सांगलीच्या निवड चाचणीसाठी. वीस किलोमीटर, एकटीनं, छत्तीस मिनिटांच्या आत. जमलं तर पुण्याला खेळाडूंच्या वसतिगृहात जागा. नाही जमलं तर मलकापूरचं स्थळ. तो तीस वर्षांचा गृहस्थ आमच्याकडे येऊन दोन वेळा चहा प्यायला आणि संयूला एकच प्रश्न विचारला, "सायकल लग्नानंतर बंद ना?" ती तोंड उघडायच्या आत आबाच म्हणाले, "व्हय तर!"

अटही त्यांचीच. "निवड झाली तर जा पुण्याला. न्हाईतर गप बोहल्यावर उभी ऱ्हा." अठरा वर्षांच्या पोरीचं आयुष्य छत्तीस मिनिटांवर टांगून हा माणूस पेपर वाचायला बसला.

२

मागं वळून बघायचं नाही, हा आबांचा नियम. या एका बाबतीत त्यांचं बरोबर आहे, हे लिहिताना माझे दात दुखतात. गेल्या वर्षी मी वळून बघितलं, सायकल हातभर डावीकडे गेली, संयूचं चाक माझ्या चाकाला घासलं आणि ती डांबरावर. कोपराला सात टाके. दवाखान्यात आल्या आल्या आबांनी कोपर बघितलं नाही. मला विचारलं, "मागं का बघितलंस? आमी क्रॉसकंट्री पळायचो, मागं बघणारा तिथंच संपायचा."

मग मी हँडलला लावायला छोटा आरसा आणला. तो त्यांनी दुसऱ्याच दिवशी काढला. "आरसा? ट्रेनिंगला निघालाय का वरातीला?" आता तो न्हाणीघरात आहे, त्यात बघून आबा दाढी करतात.

म्हणून आमची खूण ठरली. मी डावा हात पाठीमागं नेऊन एक बोट दाखवायचं. तिनं म्हणायचं, "हाय." म्हणजे मी आहे, चाक धरलंय, चल. पण कानात ताडपत्री झटकत असताना ते "हाय" ऐकू कुणाला येणार? टोलनाक्याजवळ एकदा तिची चेन पडली. ती ओरडत राहिली, मी तीन किलोमीटर पुढं. परत आलो तेव्हा ती काळ्या हातांनी उभी होती, आणि मोटारसायकलवरचे दोघेजण शेजारी "मदत करू का, करू का" करत घुटमळत होते. मला बघून गेले.

"घरी सांगू नको," ती म्हणाली.

नाही सांगितलं. पण त्या दिवसापासून मला तो वारा बंद करायचा होता, काय वाटेल ते करून.

३

जानेवारीत आमचा ऊस तुटला आणि मोकळ्या रानात खतासाठी धुळाची मेंढरं बसली. धुळा सातवीपर्यंत माझ्या बाकावर होता. त्यानंतर त्यानंही शाळा सोडली, पण त्याला कुणी रोज कारण विचारत नाही. मी त्याच्याकडं मूठभर लोकर मागितली.

"कशाला रं?"

"कानाला."

"थंडी वाजती व्हय इंजिनेरला? सबंध मेंढरूच घे की गळ्यात."

हसून झाल्यावर त्यानं दिली. मी तिच्या दोन वळकट्या केल्या, बोटाएवढ्या, आणि हेल्मेटचे पट्टे कानाच्या पुढून खाली येतात तिथं दोऱ्यानं गच्च बांधल्या. हिशेब सोपा होता. वारा कानाच्या पाळीवर फुटतो म्हणून आवाज होतो. तो आधीच लोकरीवर फुटला तर कानाशी येताना मवाळ होईल.

आणि झालं! दुसऱ्या दिवशी पस्तीसला मी पहिल्यांदा रस्ता ऐकला. टायरची बारीक सरसर. उसात बसलेला कोतवाल पक्षी. मागं संयूची चेन, तेल घातलेली, एकसारखी, आणि तिचा नाकानं घेतलेला श्वास. दोन वर्षं ही माझ्या मागं वीतभर अंतरावर होती आणि मी तिला आज ऐकत होतो. मी बोट दाखवलं.

"हाय."

इतकं स्वच्छ की मला हसू आलं.

४

चौथ्या दिवशी टिकटिक ऐकू आली.

सायकलवाल्यांना हे माहीत असतं, बाकीच्यांसाठी सांगतो. पाय मारायचे थांबवले की मागच्या चाकातून टिकटिक येते. पाय चालू असले की येत नाही. म्हणजे एका सायकलीतून चेन ओढल्याचा आवाज तरी येईल किंवा टिकटिक तरी. दोन्ही एका वेळी येणार नाहीत.

कोयनेच्या पुलाच्या उतारावर मला दोन्ही ऐकू आलं. माझे पाय चालू होते. मागं संयूची चेन चालू होती. आणि त्याच्याही मागं टिकटिक, सावकाश, कुणीतरी आरामात नुसतं घरंगळत यावं तशी.

पुलाच्या कठड्याचा प्रतिध्वनी, असं मी ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी ती मोकळ्यावर आली. दोन्ही बाजूंना तोडलेलं रान, आवाज आपटून परत यायला भिंत सोडा, झाडही नाही. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम वेग कमी-जास्त करून बघितला. मी दाबलं की टिकटिक थांबायची. मी सैल सोडलं की परत सुरू. म्हणजे जे काय होतं ते माझ्याबरोबर पाय मारत होतं.

मलकापूरला चहा पिताना मी विचारलं, "मधनंच पाय थांबवतीस का गं?"

"न्हाई."

"मग टिकटिक कुणाची येती?"

तिनं ग्लासात बघितलं. चहा संपलेला होता. तरी ती बघत राहिली. "तुझीच आसंल," ती म्हणाली. "चल, उशीर होतोय."

मी चाक सायकलवाल्याकडं नेलं. त्यानं ते फिरवून बघितलं, काही खराब नाही म्हणाला. शिवाय म्हणाला, "कान दाखव डॉक्टरला." सगळ्यांना माझ्या कानातच खोट दिसते.

५

चाचणीला बारा दिवस राहिले होते. मलकापूरहून परत येताना अंगात चांगली ऊब होती. मी छत्तीस धरले. बोट दाखवलं.

"हाय."

टोलनाका गेला. सदतीस. बोट.

"हाय." जरा दम लागलेला, पण पक्का. मला अभिमान वाटला. या वेगानं ती आजवर एवढा वेळ टिकली नव्हती. अडतीस केले. चेन तशीच, वीतभर मागं, जराही ढिली नाही. शेवटच्या चढाला तर माझाच दम संपला, तिचा नाही.

उंब्रजच्या पुलाखाली आलो, पाय थांबवले. मागंही थांबले. टिकटिक दोघांची, मग हळू, मग एक टिक, मग एक. मी पाय टेकला.

"आज लय भारी धरलंस," असं म्हणत मी वळलो.

मागं रस्ता होता. रुंदीकरणाचा जेसीबी, पाण्याचा टँकर, टँकरखाली झोपलेलं कुत्रं. सकाळचे सव्वासात. एवढ्या उजेडात, एवढ्या सरळ रस्त्यावर, मला किलोमीटरभर दिसत होतं, आणि त्यात सायकल नव्हती.

परत नऊ किलोमीटर कसा गेलो ते आठवत नाही. एवढंच आठवतं की बोट दाखवायला माझा हात दोनदा आपोआप मागं गेला आणि दोन्ही वेळा मी तो अर्ध्यातून ओढून घेतला.

ती टोलनाक्याच्या मलकापूरकडच्या बाजूला रस्त्याखालच्या एका मोरीच्या कठड्यावर बसली होती. पुढच्या चाकाचं टायर काढलेलं. फोन नव्हता, आबा तिला फोन वापरू देत नाहीत.

"किती हाका मारल्या तुला!" ती म्हणाली. "कानाला लोकर लावलीस का डोक्यात भरलीस?"

"तू हाय म्हणालीस. दोनदा म्हणालीस. त्यातलं एक टोलनाक्याच्या पुढं."

"मी इथं बसलीये अर्ध्या तासापास्नं."

मग मी वाट बघितली. कुणीही विचारलं असतं, मग हाय कोण म्हणालं? तिनं विचारलं नाही. टायर उचललं आणि ट्यूबमध्ये काटा शोधायला लागली.

६

काटा बाभळीचा होता. तिनं ट्यूबला ठिगळ लावलं. मग मी विचारलं, "कवापास्नं?"

"दिवाळीपास्नं."

"माझ्या आधी तुला ऐकू आलं?"

"तुझ्या कानात वारा असतोय, दादा. मी आडोशाला असते. मला पयल्यापास्नं सगळंच ऐकू येतंय."

हे मला सुचलं नव्हतं. कानातला वारा बंद करायला मी वर्षभर धडपडत होतो, आणि माझ्या पाठीमागं शांततेत बसून ही पोरगी रोज छत्तीस किलोमीटर ते ऐकत होती.

"काय करतं?"

"काय न्हाई. मागं असतं. मी दमले की जवळ येतं."

"आज तुला सोडून माझ्याबरोबर पुढं गेलं."

"व्हय," ती म्हणाली. हवा भरून चाक दाबून बघितलं. "तुझी सवय व्हायला लागली आसंल."

मी चिडलो. दुसरं काय येतं मला? "मग सांगायचं न्हाई का?"

"कुणाला? आबांना?" ती हसली. "दुसऱ्या दिवशी सायकल माळ्यावर आणि मी मलकापुरात."

 आमच्या घरात, घरात कशाला, सगळ्या भावकीत, पोरीवर काहीही येवो, औषध एकच. आठवीत एसटीत एकानं तिची वेणी ओढली, हिनं घरी सांगितलं, एसटी बंद. मग वर्षभर तिनं दोन गावं चालत शाळा केली. अकरावीत कुणीतरी घाणेरडे मेसेज केले, हिनं दाखवले, फोन बंद. वेणी ओढणाऱ्याची एसटी कुणी बंद केली नाही. आईसुद्धा हेच शिकवते, "आपलं आपण गिळावं, बाई." आणि पुन्हा हेच लोक छाती पुढं काढून म्हणतात, आमच्या पोरी आमच्यापासून काय लपवत नाहीत.

"तुला भ्या वाटत न्हाई?" मी विचारलं.

"वाटतंय की," ती म्हणाली. "पण तीस वर्षाच्या त्या माणसाचं जास्त वाटतंय."

७

मी लोकर कापून टाकली. वारा तर वारा. दुसऱ्या दिवशी संयूला पुढं काढलं आणि मी मागं राहिलो. काय यायचं ते आधी माझ्यावर येऊ दे, असा विचार. थोरला भाऊ असण्याचा एवढाच उपयोग मला तोवर कळला होता.

तीसला कानात वारा सुरू झाला. एवढं बरं मला त्या आवाजानं कधीच वाटलं नव्हतं. संयू अंगानं बारीक. तिच्या पाठीचा आडोसा मला छातीपर्यंत पुरतो, डोकं वाऱ्यातच राहतं. ताडपत्री झटकत होती, मी शिव्या देत होतो, सगळं जागेवर होतं.

टोलनाका गेला, सदतीस झाले, आणि आवाज बंद झाला.

कमी झाला नाही. बंद झाला. खोलीत बसलेलं असताना कुणी येऊन खिडकी लावावी, तसा. मला माझी चेन ऐकू यायला लागली. गालावर वारा नाही, डोळ्यांत पाणी नाही. आधी वाटलं, वारा पडला. पण कडेच्या उसाची पानं वाकलेली दिसत होती.

मग मी अंतर बघितलं. बघता बघता संयू माझ्यापासून चांगली सायकलभर लांब गेली होती. एवढ्या लांबून तिच्यासारखीचा आडोसा मिळतच नाही. धिप्पाड माणसाचाही जेमतेम मिळेल.

मी चाक वीतभर डावीकडं काढलं. फाडकन वारा कानाखाली बसला. परत ओळीत आलो. शांत. पुन्हा बाहेर काढलं, पुन्हा वारा. तीन वेळा केलं. शाळेत प्रयोगवही नीट लिहिली नाही म्हणून मी मार खाल्लाय, पण हा प्रयोग मी नीट केला. ओळीच्या बाहेर वारा होता. ओळीत नव्हता. वारा अडवायला मध्ये कुणीतरी लागतं.

संयूनं डावा हात मागं घेऊन बोट दाखवलं.

मी तोंड उघडलं नव्हतं. मी शपथ घेऊन सांगतो, माझी जीभ टाळूला चिकटलेली होती. तरी माझ्या पुढून, आमच्या दोघांच्या मधल्या रिकाम्या सायकलभर जागेतून, आवाज आला. "हाय." आवाज माझा. शब्द वैतागून ओढायची माझी खोड आहे, तीसुद्धा त्यात होती.

संयूनं मान हलवली आणि वेग वाढवला. एकोणचाळीस. एकेचाळीस. मी ओरडलो, पण आता तिच्या कानात वारा होता. मागं बघायचं नाही हे आम्हीच तिला मारून मुटकून शिकवलं होतं. तिचं चाक माझ्याकडून सुटलं. मी मागं पडलो तशी ताडपत्री परत सुरू झाली, आणि ती लांब लांब जात राहिली, एकटी, सरळ, डोकं खाली घालून, कुणीतरी चांगलं चाक धरलंय या विश्वासानं.

ती रात्र मी छताकडं बघत काढली. चाचणीला अकरा दिवस होते. सांगितलं तर मलकापूर. नाही सांगितलं तर काय, ते मला माहीत नव्हतं. नेमकं एवढंच माहीत नव्हतं.

८

चाचणी सांगलीबाहेरच्या नव्या रस्त्यावर होती, सकाळी आठला. दहा किलोमीटर जायचं, वळायचं, यायचं. वाऱ्याला हळदीच्या पेठेचा वास होता. आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि गळ्यात शिट्टी अडकवली होती, ती कुणी मागितली नव्हती.

संयूचा नंबर सतरावा. पंधरावी निघाली तेव्हा माझा धीर सुटला. मी आबांना बाजूला घेतलं.

"आबा, तिच्या मागं कोणतरी असतंय."

"कोण?" त्यांचा चेहरा एकदम तापला. "कुठल्या गावचं हाय? नाव सांग."

"तसं न्हाई—"

"किती दिवस चाललंय? आणि तू सांगतोस आता?" त्यांनी खिशातून फोन काढला. "मलकापूरला आत्ताच लावतो फोन. चाचणी गेली खड्ड्यात. तिला सायकलवरनं उतरीव आधी."

त्यांचा अंगठा त्या माणसाच्या नावावर होता. मला नाव वाचता येत होतं. पलीकडं संयू रेषेवर उभी होती, पंचानं तिचं सीट धरलं होतं, आणि ती आमच्याकडं बघत होती. माझ्याकडं नाही, त्या फोनकडं.

"कोण न्हाई," मी म्हणालो. "चेष्टा केली."

"ह्या वेळंला चेष्टा? एकवीस वर्षाचं घोडं झालंय!" त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. फोन खिशात गेला. पंचानं पाच, चार, तीन म्हटलं, आणि ती सुटली.

मी शेवटच्या रेषेच्या तीनशे मीटर आधी जाऊन थांबलो. मुली एकेक करून येत होत्या. थकलेल्या, तोंडं वासलेली. अकरावी आली. मग कुणीच नाही. मग लांबून संयू आली, बारावीला, तेरावीला, पुढच्या सगळ्यांना मागं टाकून.

तिनं आबांचा पलटणीतला जुना टी-शर्ट घातला होता. तिला तो पोत्यासारखा होतो. वाऱ्यात तो नेहमी पाठीवर फडफडतो, म्हणून मी तिला शंभरदा बोललोय. त्या दिवशीही बाह्या फडफडत होत्या. कमरेला घोळ फडफडत होता. ती माझ्यासमोरून गेली आणि मी तिची पाठ बघितली.

मधोमध कापड फडफडत नव्हतं. दबलेलं होतं, अंगाला घट्ट. आणि त्या दबलेल्या भागाला कडा होत्या. खाली रुंद, वर पाच ठिकाणी फुटलेल्या. दमलेल्या भिडूला चढावर मागनं ढकलतात तसा कुणीतरी पंजा टेकवला होता. मोठा. बोटं थोडी फाकलेली. माझ्या डोळ्यांदेखत करंगळीनं जागा बदलली.

एवढंच. ती गेली. तिच्या जाण्याचा वारा माझ्या तोंडावर आला. मग अर्धा श्वास थांबून दुसरा वारा आला, पहिल्याहून मोठा.

तेहेतीस मिनिटं बारा सेकंद. आबांनी शिट्टी वाजवली, अनोळखी माणसांना मिठ्या मारल्या आणि जो भेटेल त्याला सांगितलं, "आमचं ट्रेनिंग! मागं बघायचं न्हाई, एवढंच शिकवलं!" संयू पुढून सायकल हातात धरून चालत आली. माझ्यासमोर थांबली.

"बघितलंस?"

"व्हय."

"हात ऊन असतो," ती हळूच म्हणाली, जशी काही मी त्याचीच काळजी करत होतो. मग आबांकडं बघत, हसऱ्या तोंडानं, "सांगू नकोस."

९

ती जूनमध्ये पुण्याला गेली. वसतिगृहात रविवारी एक फोन करू देतात. आबा फोन माझ्या कानाशी देतात आणि समोर बसून राहतात, कारण त्यांना स्वतःला पोरीशी काय बोलायचं ते सुचत नाही.

पहिल्या रविवारी मी हळूच विचारलं, "अजून हाय?"

"फोनवर नको," ती म्हणाली.

मग तिनं इकडचं तिकडचं सांगितलं. बाराजणी एका ओळीत चालवतात. पुढची दमली की मागं येते, असं फिरतं. शेवटची जागा मात्र संयू सोडत नाही. सर म्हणतात, पोरगी समजूतदार आहे, दुसऱ्यांना पुढं जाऊ देते. पुढच्या एका रविवारी, आजूबाजूला कुणी नसताना, तिनं मला खरं कारण सांगितलं: ती शेवटी राहिली तर ते तिच्याच मागं राहतं. ती पुढं गेली तर दुसरी कुणी शेवटी येणार, तिला ते ऐकू येणार, ती घाबरून सरांना सांगणार. मग वसतिगृहातल्या सगळ्या सायकली कुलपात आणि बाराही पोरी आपापल्या घरी.

जुलैभर हे चाललं. मग काल फोन आला तेव्हा तिचा आवाज बसका होता.

"आज सरांनी ऐकलं न्हाई," ती म्हणाली. "मला पुढं काढलं. चाळीस किलोमीटर पुढंच ठेवलं."

"मग?"

"मागं अकराजणी, दादा. जागा बदलत बदलत प्रत्येक जण एकदा तरी शेवटी गेली."  तिच्या मागं कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला, कुणीतरी हसलं. "संध्याकाळी जेवायला बसलो. मी एकेकीचं तोंड बघितलं. सगळ्यांना ऐकू आलंय. ताटात बघून जेवत होत्या. एक पण बोलली न्हाई."

मी फोन आबांपासून लांबच्या कानाला लावला.

"एकीनं फक्त मला चपाती वाढली," संयू म्हणाली. "आणि विचारलं, तुमच्यात पण सांगत न्हाईत व्हय?"

फोन कट झाला. तिथं पाचच मिनिटं देतात. समोर आबा गुडघ्यावर हात ठेवून बसले होते.

"काय म्हणती?" त्यांनी विचारलं.

"बरी हाय म्हणती," मी म्हणालो.